बुखाऱ्याच्या कमानीखालची बाई

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या, मला कुणाची समजूत घालायची नाही. पण वाचून झाल्यावर "छ्या, असं कुठं असतं का" म्हणणार असाल, तर दुबईत अल बर्शाला या. मी तुम्हाला त्या बिल्डिंगखाली नेऊन उभं करते. वर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. कुत्री रडत नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं. मे महिन्यातला शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजाची वेळ, आणि ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा. त्या वेळी दुबईत रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

सुमैय्या माझी मामेबहीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन रत्नागिरीहून इकडे आलो. मी अजमानला, ती अल बर्शाला. तिचा नवरा मोईन रास अल खैमाला टाइल्सच्या कंपनीत. पहाटे निघतो, अंधार पडल्यावर येतो. मुलगी सफा, सहा वर्षांची.

ही सफा सहजासहजी झालेली नाही. त्याआधी दोनदा पोटातच... जाऊ दे. एवढंच लक्षात ठेवा की सुमैय्याचा जीव त्या पोरीत होता. पोरीनं "मम्मा" म्हटलं की ही हातातलं टाकून धावायची. आम्ही चिडवायचो, अगं, पोरगी आहे ती, फायर अलार्म नाही. ती हसायची आणि तरीही धावायची.

आता चित्राचं सांगते.

सुमैय्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दिलफूझा नावाची एक उझबेक बाई राहायची. हॉटेलात रिसेप्शनला होती. एकटीच, शांत, सफाला येता-जाता चॉकलेट देणारी. हॉटेल बंद पडलं, फ्लॅट सोडावा लागला, आणि ती शारजाला चार बायकांबरोबर एका खोलीत राहायला निघाली. तिथे खाटेला जागा नाही, तर चित्राला कुठून असणार? म्हणून एका संध्याकाळी चादरीत गुंडाळलेलं ते चित्र घेऊन ती सुमैय्याच्या दारात आली. सोय झाली की घेऊन जाईन, म्हणाली.

मी ते चित्र पाहिलंय. दोन्ही हात पसरले तरी कडा हाताला लागायच्या नाहीत, एवढं मोठं. उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याचा एक जुना मदरसा. उंच कमान, निळ्या फरशा, काही जागी फरशी उडालेली आणि आतली पिवळी वीट दिसणारी. अंगणात अर्धं ऊन, अर्धी सावली. फोटो म्हणावा तर फोटोत इतकं दिसत नाही. मोईन टाइल्समधला माणूस, तो तर नाक लावून बघायचा. म्हणायचा, म्हाताऱ्यानं ग्लेझला गेलेला तडासुद्धा काढलाय बघ.

म्हातारा म्हणजे दिलफूझाचा बाप. जन्मभर त्यानं बुखाऱ्याच्या इमारतीच काढल्या. माणसं काढायचा नाही. फक्त या एका चित्रात कमानीखाली, सावलीत, पायरीवर एक बाई बसलेली होती. शेजारी खराटा. चेहरा मुगाच्या दाण्याएवढा असेल, पण खोलीत कुठेही उभे राहा, ती तुमच्याकडेच बघत असायची.

ती दिलफूझाची आई. त्या अंगणात झाडलोट करायची. वारली तेव्हा दिलफूझा लहान होती, आणि पुढे घराला आग लागली त्यात फोटो गेले सगळे. दिलफूझानं बोट न टेकवता त्या चेहऱ्याकडे दाखवलं आणि म्हणाली, आता जगात हिचा चेहरा एवढाच उरलाय.

सुमैय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अमानत समजून ठेवीन."

अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव; तो शब्द दिलफूझाला समजला. त्यांच्याकडेही तोच शब्द आहे. तिनं छातीवर हात ठेवला, मान लववली आणि गेली.

चित्र हॉलमध्ये लागलं. येणारा-जाणारा तोंड भरून कौतुक करायचा. सुमैय्याच्या फ्लॅटमध्ये कौतुक करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे मी बहीण म्हणून सांगते. त्यामुळे तिला ते फारच गोड लागलं.

मग मोईनची अम्मी येणार असं ठरलं. रशीदा अम्मी.

आमच्याकडे नमाज पढायच्या खोलीत माणसाचं, जनावराचं चित्र ठेवत नाहीत. माझी नानी तर चहाच्या डब्यावरच्या बाईच्या तोंडालाही कोळसा फासायची. घरोघरी हेच. अम्मी मागच्या खेपेला आल्या तेव्हा हॉलमध्ये काचेचं एक हरीण होतं. त्या काही बोलल्या नाहीत. जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन नमाज पढल्या. बस्स, तेवढंच. पण सासूचं बोलणं एक वेळ परवडतं, न बोलणं परवडत नाही. सुमैय्याला ते वर्षभर खुपत होतं.

मोईन म्हणाला, त्यात काय, अम्मी आहेत तोवर चित्र कपाटामागे ठेव. खलास.

सरळ गोष्ट होती. पण भिंत उघडी पडली असती. शोभा गेली असती. सुमैय्यानं मनाशी हिशेब मांडला की अख्ख्या चित्रात आक्षेपाची जागा ती काय, मुगाएवढी. तेवढी झाकली की सासूही खूश आणि भिंतही भरलेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो शुक्रवार. मोईन जुम्म्याला गेलेला. सुमैय्यानं खुर्ची ओढली, सफाच्या शाळेच्या रंगांतला तपकिरी रंग घेतला, बारीक ब्रश घेतला. पोस्टर कलर, ओल्या कापसानं निघतो. अम्मी गेल्या की पुसून टाकायचा, दिलफूझाला कळणारसुद्धा नाही.

सफा खाली उभी होती. तिला ती बाई आवडायची. तिनं आईचा कुर्ता ओढला.

"मम्मा, डोन्ट. शी वोन्ट बी एबल टू सी."

सुमैय्या म्हणाली, "अगं, पुसता येतो बेटा. थोडेच दिवस."

आणि तिनं एक ठिपका दिला.

एकच...

तेवढ्यात एसी बंद पडला. दुबईत एसीचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतो. घर एकदम मुकं झालं.

आणि त्या शांततेत...

सर्रर्र.

खराटा. विटेवर खराटा ओढल्याचा आवाज. एकदाच.

सुमैय्या खुर्चीवरच थिजली. बाहेर कॉरिडॉरमध्ये कार्पेट आहे. बिल्डिंगमध्ये खराटा कुणाकडेच नाही, नातूर, म्हणजे इथला वॉचमनसुद्धा मशीननं झाडतो. मग एसी परत सुरू झाला. ती स्वतःवरच हसली आणि खाली उतरली. मोईनला फोटो पाठवायला तिनं फोन उचलला, चेहऱ्यासमोर धरला.

फोन उघडला नाही.

तिनं काच पुसली. परत धरला. उजेडात जाऊन धरला. ओढणी मागे सारून धरला...

चेहरा ओळखता आला नाही.

शेवटी आकडे दाबून उघडला. फोन जुना झाला, एवढंच तिच्या मनात आलं. दुसरं काय येणार?

अम्मींना आणायला तिघं एअरपोर्टवर गेले. अम्मी आल्या, गळाभेटी झाल्या, मोईननं सेल्फीसाठी हात लांब केला. हल्ली कॅमेरा माणसाच्या तोंडाभोवती पिवळा चौकोन काढतो, तुम्ही बघितलं असेल. मोईनभोवती चौकोन आला. अम्मींभोवती आला. सफाभोवती आला.

सुमैय्याभोवती नाही आला.

ती पुढे सरकली, मागे सरकली, हसून बघितलं. चौकोन तिच्यावरून असा घसरत होता जणू तिथे भिंत आहे. मोईन म्हणाला, मेकअप जास्त झालाय मॅडम, यल्ला, चला, पार्किंगचं मीटर चालू आहे. सगळे हसले. ती पण हसली.

घरी अम्मी हॉलमध्ये सोफ्यावर बसल्या. समोर चित्र. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली तशी त्यांनी तिथेच जानमाज अंथरली आणि तिथेच नमाज पढली. सुमैय्याच्या छातीवरून केवढं ओझं उतरलं. जिंकली बाई, तिला वाटलं.

मग दुपारचा तो आवाज रोजचा झाला.

सर्रर्र... सर्रर्र... जेवणं आटोपून घर सुस्तावलं की सुरू व्हायचा. आधी लांबून आल्यासारखा. मग जवळ. मग अगदी सोफ्यामागून. अम्मींनाही ऐकू यायचा. त्या म्हणायच्या, तुमचा इथला झाडूवाला भारी कामसू आहे.

आणि सफा बदलली.

आधी सुमैय्याच्या लक्षात आलं नाही. पोरगी बोलताना तिच्या तोंडाकडे बघायची बंद झाली होती. बांगड्यांकडे बघायची, ओढणीकडे बघायची. बेडरूममधून "मम्मा" अशी हाक यायची, सुमैय्या सवयीनं धावत जायची, आणि पोरगी तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहायची. कुणीतरी अजून यायचं राहिल्यासारखी.

"व्हेअर इज मम्मा?"

"अगं, मी काय तुझी शेजारीण आहे?"

सफा परत दाराकडे बघायची. सुमैय्याला खेळ वाटला. 

मग बसचा दिवस उजाडला.

शाळेची बस दुपारी बिल्डिंगखाली थांबते. बसमधली नॅनी पोराचा हात घरच्या माणसाच्या हातात देते, तोवर सोडत नाही. सुमैय्या रोजच्यासारखी उन्हात उभी होती. बसचं दार उघडलं. सफा पायरीवर आली. तिनं बांगड्या बघितल्या आणि हसली. मग नजर वर गेली. गळ्यापर्यंत, हनुवटीपर्यंत, आणि तिथून वर...

पोरीचं हसू पुसलं गेलं.

ती मागे सरकली. नॅनीच्या पायाला तिनं मिठी मारली. उन्हात उभ्या असलेल्या सुमैय्याला बसच्या पायरीवरून पाण्याची धार खाली येताना दिसली. भीतीनं पोरीला कपड्यातच झाली होती.

"दॅट्स नॉट माय मम्मा."

नॅनी आधी हसली. सुमैय्या पण हसली. सफा हसली नाही. ती किंचाळायला लागली. सुमैय्यानं पर्समधून शाळेचं कार्ड काढलं, आईबापांना देतात ते, फोटो असलेलं. नॅनीनं कार्ड बघितलं. सुमैय्याकडे बघितलं. परत कार्ड बघितलं...

आणि तिनं पोरीला जास्तच जवळ ओढलं.

दार बंद झालं. बस निघाली. सुमैय्या बसमागे धावली. मे महिन्यात, दुपारी, पायातली चप्पल निसटली तरी. रस्ता तव्यासारखा तापलेला. सिग्नलपर्यंत धावली आणि तिथे पडली. मोईन कंपनीतून सुटी घेऊन रास अल खैमाहून आला, तेव्हा शाळेनं पोरगी दिली. बापाला बघताच ती त्याच्या गळ्यात पडली. बापाला ती बरोबर ओळखत होती.

मग डॉक्टर झाले. डोळ्यांचे झाले, डोक्याचे झाले, लहान मुलांच्या मनाचे असतात ते झाले. पोरीचं सगळं ठणठणीत. बापाला ओळखते, दादीला ओळखते, बसच्या ड्रायव्हरला, नातूरला, मला, म्हणजे तिच्या खालाला, सगळ्यांना ओळखते. फक्त आईचा चेहरा समोर आला की पांढरीफटक पडते. डॉक्टरनं विचारलं, काय दिसतं तुला तिथे? सफा म्हणाली,

"नथिंग. इट्स ब्राऊन."

सुमैय्या तेव्हा समोरच बसली होती. आईला हे ऐकावं लागू नये. दुश्मनाच्या आईलाही लागू नये.

एक गोष्ट मात्र होती. दिवा बंद केला की सफा तिला ओळखायची. आवाजावरून, वासावरून. अंधारात येऊन कुशीत शिरायची, गळ्यात हात टाकायची, "मम्मा, यू केम" म्हणायची. म्हणून सुमैय्या दिवसासुद्धा पडदे ओढून बसायला लागली. पण अंधार तरी किती वेळ पुरवणार? कुणीतरी दार उघडायचं, उजेड यायचा, आणि कुशीतली पोरगी किंकाळी फोडून लांब पळायची.

"ब्राऊन" हा शब्द सुमैय्याच्या डोक्यातून जाईना.

एका दुपारी तिनं खुर्ची ओढली. कापूस ओला केला. अम्मी सोफ्यावर तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या, सफा जमिनीवर खेळत होती. खराट्याचा आवाज चालूच होता.

तिनं कापूस ठिपक्यावर ठेवला.

खराटा थांबला.

रंग सहज निघाला. एका फटक्यात. खाली चेहरा तसाच होता, मुगाएवढा, साफ, डोळे समोर. सुमैय्यानं सुटकेचा श्वास सोडला. मग तिनं नीट बघितलं...

डाव्या भुवईवर तीळ. हनुवटीवर बारीक वण.

तो वण मला माहीत आहे. आम्ही खाडीवर धक्क्याच्या पायऱ्यांवर पकडापकडी खेळायचो, तेव्हा पडली होती ती. मी होते तिथे. रक्त थांबवायला मीच माझा रुमाल धरला होता.

दिलफूझाच्या आईचा चेहरा तिथे नव्हता. तिथे सुमैय्या बसली होती. बुखाऱ्याच्या कमानीखाली, सावलीत.

"मम्मा!"

मागून सफाची हाक आली. कितीतरी दिवसांनी, भर उजेडात, आनंदानं मारलेली हाक. सुमैय्या खुर्चीवरून उतरली, दोन्ही हात पसरून गुडघ्यांवर बसली.

पोरगी धावत आली. तिच्या बाजूनं पुढे गेली. खुर्चीवर चढली आणि चित्रावर तळवा ठेवून म्हणाली, "व्हेअर वर यू?"

त्या दिवसापासून खराट्याचा आवाज कधीच आला नाही.

संध्याकाळी सुमैय्यानं अम्मींना सगळं सांगितलं, पाय धरून. अम्मी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंस? अगं, या वर्षात मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. मला तर ती निळी भिंत दिसते नुसती. त्यात माणूस आहे हे मला आज कळतंय." आणि रडायला लागल्या. "माझ्या नावानं दुसऱ्याच्या अमानतीला कशाला हात लावलास?"

या खेपेला अम्मी तिला आवाजावरूनच ओळखत होत्या. म्हणून त्यांना कधी काही वेगळं वाटलं नाही. एवढं सगळं जिच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून केलं, तिला दिसतच नव्हतं!

अम्मींनी रात्रंदिवस दुआ मागितली. मोईननं दिलफूझाला फोनवर फोन लावले, नंबर बंद. शारजाच्या खोलीचा पत्ता कुणाकडे नव्हता. आणि या सगळ्यात सफा मात्र मजेत होती. सोफ्यावर बसून चित्राला शाळेतल्या गोष्टी सांगायची. चित्राकडे बघत जेवायची. घास सुमैय्या भरवायची, पोरगी तोंड उघडायची, पण नजर वर भिंतीवर. सुमैय्याला ती "आंटी" म्हणायला लागली होती. घाबरत नव्हती आता. कामाला ठेवलेल्या बाईशी वागावं तसं नीट वागायची, थँक यू म्हणायची.

सुमैय्या मला फोनवर म्हणाली, "जेवते गं. झोपते. हसते. आईला अजून काय हवं असतं?"



आणि एका दुपारी बेल वाजली.

दारात दिलफूझा. हातात घडी घातलेली चादर. तिला बुखाऱ्याचं तिकीट मिळालं होतं, ती कायमची परत चालली होती. तिनं दार उघडणाऱ्या बाईकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं की सुमैय्या घरी आहे का.

सुमैय्यानं तिला आत घेतलं. मग सुमैय्याचा आवाज ऐकून दिलफूझा दचकली. सुमैय्यानं काहीही लपवलं नाही. ठिपका, कापूस, बस, सगळं सांगितलं. दिलफूझा चित्रासमोर उभी राहून ऐकत होती. तिनं मान वळवली नाही. सफा सोफ्यावर बसून दोघींकडे बघत होती.



"माझी आई कुठे आहे?" दिलफूझानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

 सुमैय्या हात जोडून म्हणाली की मला काय शिक्षा द्यायची ती दे, पण चित्र राहू दे. माझी मुलगी याच्याशिवाय जगणार नाही. तिची आई यात आहे.

"माझी पण होती," दिलफूझा म्हणाली.

मग ती जवळ आली. आमच्या सुमैय्याच्या तोंडाकडे, तिथे जे काही उरलं होतं त्याकडे, तिनं शांतपणे बघितलं.

"विटा माझ्या बापाच्या आहेत. ऊन माझ्या बापाचं आहे. चेहरा तेवढा तुझा. तो काढून घे, बाकीचं मी नेते."

तिनं सुमैय्याच्या हातात कापूस दिला. टेबलावर पडलेला होता तोच.

सुमैय्या खुर्चीवर चढली. तिनं पुसलं. निघेना. थुंकी लावून पुसलं. शेवटी नखानं खरवडायला लागली. आणि सफा किंचाळली, "यू आर हर्टिंग मम्मा!" तिनं सोफ्यावरून धाव घेतली, खुर्चीवर चढली आणि सुमैय्याच्या हाताला कडकडून चावली. रक्त येईपर्यंत. सुमैय्यानं हात सोडवून घेतला नाही. चावू दिलं.

दिलफूझानं चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं. जाताना तिनं छातीवर हात ठेवून मान लववली, आली होती त्या पहिल्या दिवसासारखी.

लिफ्टपर्यंत सफा धावली. सुमैय्यानं तिला कमरेला धरून ठेवलं होतं. लिफ्टचं दार लागलं तरी पोरगी त्यावर मुठी आपटत होती, मम्मा, मम्मा, मम्मा. आणि मागून तिची आई तिच्या कानात म्हणत होती, "मी इथे आहे, बेटा, मी इथे आहे."

त्या रात्री सुमैय्यानं घरातले सगळे दिवे मालवले. अंधारात पलंगावर वाट बघत बसली. अंधारात तरी येईल...

सफा आली. पलंगाच्या कडेला उभी राहिली. वास घेतला. मग म्हणाली, "आंटी, कॅन आय स्लीप विथ दादी?"

खलास.

मोईन शारजाला जाऊन खूप शोधून आला. त्या खोलीतल्या बायकांनी सांगितलं, ती गेली. कुठे, ते कुणाला माहीत नाही. अम्मी महिन्याभरात गावी परतल्या. मोईन हल्ली घरात शिरताना आधी हाक मारतो, "सुमैय्या?" ती ओ देते. मगच तो तिच्याकडे बघतो. आणि सफा छान आहे. शाळेत पहिली येते. कुणी विचारलं तर सांगते, माय मम्मा लिव्हज इन उझबेकिस्तान.

हे असं का झालं, मला विचारू नका. शिक्षा म्हणावी तर एवढ्याशा ठिपक्याला एवढी? आणि शिक्षा केली कुणी? त्या मेलेल्या बाईनं, की त्या म्हाताऱ्याच्या रंगांनी? मी पुष्कळ डोकं चालवलं, आता सोडून दिलंय.

पण ही गोष्ट मी आज लिहायला बसले, त्याचं कारण वेगळं आहे.

गेल्या शुक्रवारी मी बिर्याणी घेऊन तिच्याकडे गेले. न कळवता. बेल वाजवली. दार एका बाईनं उघडलं.

मी हसून तिला सलाम केला. आणि विचारलं...

"सुमैय्या घरी आहे का?"

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, बाजूला झाली आणि आत तोंड करून म्हणाली, "सफा, खाला आलीय."

आवाज माझ्या बहिणीचा होता.